जम बसला का?

सोहार बंदरातल्या क्रेनच्या काचेच्या खोलीत
चाळीस मीटर उंचावर मी अकरा वर्षं बसलो.
सुट्टीत केळशीला गेलो की लोक विचारायचे,
काय लियाकतभाई, जम बसला का तिकडे?
बसला, म्हणायचो.
बसण्याचाच तर पगार होता.

मग एका रमजानात, इफ्तारच्या घाईत,
शिडीच्या शेवटच्या तीन पायऱ्या मी मोजल्या नाहीत.
लोखंडावर आपटलं ते नेमकं माकडहाड.
शेपूट गेलं, हाड उरलं,
दुखायला तेवढं पुरलं.

तीन वर्षं.
एक्स-रे साफ, एमआरआय साफ.
दोन इंजेक्शनं, प्रत्येक जेमतेम दोन महिने टिकलं.
मधे भोक असलेली उशी,
तिला खोलीतले 'लियाकतचा मेदूवडा' म्हणायचे.
जेवायचो फ्रिजवर ताट ठेवून, उभ्यानं.
काम आता जेट्टीवर, कंटेनर मोजायचं, तेही उभ्यानं,
पगार तिसऱ्या हिश्श्यानं कमी.
आणि नमाजात, दोन सजद्यांच्या मधली बैठक,
एवढीशी, एका श्वासाची,
तीच डोंगर झाली.

डॉक्टर बद्रिया बलूची होती, हिंदी बोलायची थोडं अडखळत.
म्हणाली, नसांना दार असतं,
दुखण्याच्या आधी आपण तिथून मुंग्या पाठवू.
बंदरातल्या माणसाला दार समजवावं लागत नाही.
तीन नंबरच्या गेटवर भाजीची गाडी आडवी लागली
की मागे सिमेंटचे टँकर तासभर भोंगा देत राहतात.
टँकर परत जात नाहीत.
आत येत नाहीत, एवढंच.

मला जागाच ठेवलं, पालथा.
कमरेखाली केसाएवढ्या दोन तारा सरकत होत्या
आणि ती विचारत होती, कुठे? आता कुठे?
जन्मभर खालचा माणूस वॉकीटॉकीवर मला सांगायचा.
आज खालचा माणूस मी.
थोडं खाली. डावीकडे. अजून.
हां.
बस.

सात दिवसांची चाचणी.
पट्ट्यात बॅटरी, खिशात रिमोट, अंघोळ बंद.
पहिल्या रात्री मुंग्या मांडीत गेल्या,
दुसऱ्या रात्री भलतीकडे, ते लिहीत नाही.
तिसऱ्या दिवशी आकडा सापडला: चारच्या वर, पाचच्या खाली.
दुखणं होतं. पण शेजारच्या खोलीतलं भांडण असावं तसं,
शब्द कळत नव्हते.

सहाव्या दिवशी शुक्रवार. फरशीवर प्लास्टिक अंथरलेलं,
एका परातीत भात आणि सुरमई.
मी फ्रिजजवळून निघालो आणि त्यांच्यात जाऊन बसलो.
कोणी काही बोललं नाही.
पालक्काडच्या कुट्टीनं थोडं सरकून जागा केली
आणि माशाचं डोकं माझ्याकडे ढकललं.
बारा मिनिटं.
घड्याळ पाहिलं नाही असं लिहिणार होतो, पण पाहिलं.

रात्री खैरुनचा फोन.
झटके बसतात का हो त्या तारेचे?
नाही गं, मुंग्या.
मग काय बसतं?
मी, म्हटलं. मी बसतो.
पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाली, किती वेळ?

आठव्या दिवशी तारा काढल्या. दोन पट्ट्या चिकटवल्या,
चिमुकल्या, लहान पोराच्या गुडघ्याला लावतात तशा.
कायमच्या यंत्राचा कागद विमा कंपनीकडे गेलाय.
रविवारी कळेल म्हणतात.
कुठला रविवार, ते सांगत नाहीत.
संध्याकाळपर्यंत सगळे टँकर आत आले.

ताट पुन्हा फ्रिजवर.
वरून परात दिसते, चार डोकी दिसतात,
आणि कुट्टी आणि भिंतीच्या मधे
वीतभर प्लास्टिक मोकळं दिसतं.
तिथे तो काटे टाकत नाही.